कडकडीत कपड्यांचा पावसाळा

दिवसभर अंगावर घालून काम करायचे कापड सुखाचे आहे की नाही, हे ते विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे? या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतले आहे. प्रश्न दिसायला साधा आहे. शाळेत शिवणकाम शिकवत असताना मी तो दरवर्षी मुलींना विचारत असे, आणि दरवर्षी मुली कापड चिमटीत धरून, अंगठ्याने चोळून, "बाई, हे मऊ आहे," असे सांगत. मी त्यांना विचारी, की चिमटीला मऊ लागलेले कापड मानेला कसे लागेल, काखेत कसे लागेल, कोपराच्या आतल्या नाजूक कातडीला कसे लागेल, हे चिमटीला कुठून कळणार? मुली हसत. मी हसत नसे, कारण हा प्रश्न माझ्या घरात एकदा फार गंभीरपणे विचारला गेला होता, आणि त्याच्या उत्तरावर माझ्या थोरल्या बहिणीचे पुढले आयुष्य अवलंबून होते.

आमचे घर लोणावळ्याच्या बाजारपेठेत होते. पुढे अब्बांचे शिवणाचे दुकान, मागे दोन खोल्या, त्यांच्यामागे पडवी, आणि पडवीच्या पलीकडे उतरत गेलेले गवताचे रान. आषाढ लागला की ते रान नाहीसे होई. आधी त्याची पलीकडची कड जाई, मग मधले उंबराचे झाड, मग पडवीची पायरी, आणि शेवटी धुके पडवी ओलांडून स्वयंपाकघरात येई व चुलीच्या धुरात मिसळे. दोहोंतले कोणते कुठे संपते ते सांगता येत नसे. "दार लोट गं, ढग आत येतोय," असे अम्मा इतक्या सहज म्हणे, जणू शेजाऱ्याचे मांजरच आत येत आहे. अब्बांच्या यंत्राचा आवाज त्या दिवसांत बदलत असे. उन्हाळ्यात तो खडखडीत येई, पावसाळ्यात कोणी मऊ जमिनीवरून घोडा चालवावा तसा. घाटाकडून येणारी इंजिनाची शिट्टी ओल्या पांघरुणात गुंडाळून आल्यासारखी येई आणि कानापर्यंत पोचेपर्यंत तिचे टोक झिजून गेलेले असे. अजूनही, डोळे मिटून पडले असताना लांबून एखादी गाडी शिट्टी देते, तेव्हा क्षणभर मला वाटते की उशाशी पडवी आहे आणि दार लोटायचे राहून गेले आहे.

घरी आम्ही मराठीच बोलत असू, नमाजाचे शब्द तेवढे वेगळे. अम्माचे माहेर वडगावचे. तिच्या भावाच्या, म्हणजे आमच्या मामूंच्या शेतातून वर्षाचा आंबेमोहर तांदूळ येई. भात शिजू लागला की त्याचा वास दुकानापर्यंत जाई आणि माप द्यायला आलेले गिऱ्हाईक हात पसरून उभे असतानाच विचारी, "मास्तर, घरात काय चाललंय?" भात अर्धा शिजला की अम्मा त्यातली पेज वेगळी काढी. सकाळी वाटीभर गरम पेज, तिच्यात मीठ, वर लसणाची चटणी, आणि कधी निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, ही आमची न्याहारी. ती पिताना वाटी दोन्ही हातांनी धरावी लागे. गार पडलेल्या बोटांना ती ऊब इतकी हवीशी वाटे की पेज संपली तरी मी वाटी सोडत नसे.

माझ्या थोरल्या बहिणीचे नाव जैतून. मी तिला बुबू म्हणे. तिचे सासर वराळ्याला होते. नवरा तापाने गेला आणि ती आमच्याकडे परत आली. आली तेव्हा तिच्या बोलण्यातला आवाजच कमी झाला होता. ती काजे करी, बटणे लावी, भांडी घाशी, पण ताटावर बसली की परवानगी मागितल्यासारखे जेवी. मामूंनी तिच्यासाठी दूर घाटाखालच्या एका बिजवराचे स्थळ आणले. त्याला मोठी मुले होती आणि घरात कामाला माणूस हवे होते, हे मामूंनी फार मोकळेपणाने सांगितले. त्याच सुमारास गावाबाहेरच्या टेकडीवर छातीच्या आजाराच्या रोग्यांसाठी एक आरोग्यभवन निघाले होते आणि तिथे बायकांच्या कोठीत, म्हणजे रोगी बायकांच्या खाटांच्या खोलीत, काम करायला बायका हव्या होत्या. बुबू अब्बांसमोर उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मला तिकडं नोकरी करायचीय. टिकली, तर ते स्थळ नको."

अब्बांनी टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "टिकली तर नको. नाही टिकली, तर मग मामूंचं ऐकशील?"

"ऐकेन," बुबू म्हणाली.

असा तो करार झाला.  अम्मा चुलीकडे तोंड करून फुंकणीने फुंकत राहिली, विस्तव चांगला पेटलेला असतानाही.

योग असा की त्या बायकांचे गणवेश शिवण्याचे कामही अब्बांकडेच आले. गणवेश म्हणजे लुगड्यावरून घालायचा, गुडघ्यापर्यंतचा, गळाबंद पांढरा झगा. कापड निवडण्याची मुखत्यारी अब्बांची. वैशाखात ते पुण्याला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. रविवार पेठेतल्या त्या दुकानातली गादी, पंख्याची झालर आणि कोऱ्या कापडाचा गोडसर वास मला आठवतो. अब्बांची कापड पारखण्याची रीत ठरलेली होती. चिमटीत चोळायचे, दोन्ही मुठींत धरून ताणायचे, मग कानाशी नेऊन एक झटका द्यायचा. पांढरे जाड ड्रिल त्यांनी झटकले तेव्हा बंदुकीसारखा आवाज आला. ते गुळगुळीत होते, भरदार होते, आणि चिमटीला अगदी गार व मऊ लागत होते. शेजारीच मांजरपाटाचे ठाण होते. कोरा मांजरपाट गिरणीच्या खळीने पुठ्ठ्यासारखा ताठ असतो, वर त्यात सरकीचे काळे ठिपके. अब्बांनी तो नुसता उलट्या बोटाने वाजवला आणि बाजूला सारला. "हा कोपऱ्या-बंड्यांना."

दुकानदार ड्रिल मोजता मोजता म्हणाला, "मास्तर, हे काय फाटायचं नाही. घालणारा आधी फाटेल." आम्ही सगळे हसलो. येताना गाडीत अब्बा गठ्ठ्यावर हात ठेवून बसले होते. आपल्या मुलीच्या नोकरीसाठी बाजारातले सर्वांत चांगले कापड घेतले, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर देहू रोडपासून लोणावळ्यापर्यंत होते.

इथे मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हल्ली दुकानात टेरीकॉट दाखवतात. विकणारा मुलगा म्हणतो, "आजी, चुरगळत नाही, इस्त्री नको, वर्षानुवर्षं असंच." त्याचे म्हणणे खरे आहे. पण त्याने सांगितलेले सगळे गुण कापडाच्या स्वतःच्या सोयीचे असतात. आत जे माणूस असते, त्याचा उल्लेख त्यात येत नाही.

आषाढात आरोग्यभवन भरले. बुबूबरोबर वलवणची सखूमावशी कामाला होती. शेतकऱ्याघरची, मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. ती रोज सकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसे आणि आत हाक मारी, "जैतुने, आवरलं का न्हाई? का धुक्यात हरवलीस?" मग दोघी इरली डोक्यावर घेऊन टेकडीकडे निघत आणि पाहता पाहता दोन्ही इरली धुक्यात विरघळत. नंतर कितीतरी वेळ सखूमावशीचे बोलणे मात्र ऐकू येत राही.

तिथल्या मुख्य बाई म्हणजे मेट्रनबाई. त्या मंगळूरकडच्या. मराठी त्या इथे येऊन शिकलेल्या होत्या, आणि नवी भाषा शिकणारा माणूस करतो तशी मोजक्या शब्दांत सांगण्याची त्यांना सवय होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना ओळीने उभे केले आणि सांगितले, "नखे कापलेली. केस बांधलेले. कपडे कडकडीत. रोज."

सगळ्यांनी मान हलवली. सगळ्यांना समजले होते. कडकडीत कपडे म्हणजे खळ घातलेले, ताठ, हाताने वाजवले तर वाजतील असे. आणि खळीसाठी मावळात कोणाला दुकानात जावे लागत नाही. ज्या घरी भात शिजतो त्या घरी पेज असते. बुबू घरी येऊन म्हणाली, "अम्मा, बाईंना कपडे कडकडीत पाहिजेत," तेव्हा अम्माचा चेहरा उजळला. लेकीसाठी काहीतरी करावे असे तिला किती दिवसांपासून वाटत होते, आणि हे तिला येत होते. त्या संध्याकाळपासून आंबेमोहराची दाट पेज न्याहारीसाठी राहिनाशी झाली. ती पंच्यातून गाळून, पाण्यात सारखी करून, अम्मा तिच्यात झगा बुडवी, पिळी, आणि परत बुडवी.

तो वाळवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. उन्हाचा पत्ता नव्हता. अम्मा शेगडीत निखारे घाली, त्यावर कोंबड्या झाकायचे बांबूचे डालगे पालथे घाली, आणि डालग्यावर झगा पसरी. मग त्या झग्यातून वाफ निघू लागे. खोलीत दिव्याचा पिवळा उजेड, पांढरी वाफ, दारातून आलेले धुके आणि त्या सगळ्यात भिजलेला आंबेमोहराचा वास. झगा डालग्यावर फुगून बसलेला असे, तो कोणीतरी पाहुणा गुडघे पोटाशी घेऊन शेकत बसल्यासारखा दिसे. मी त्याच्याकडे पाहत अभ्यास करी. त्या वासाने भूक लागे आणि झोपही येई, दोन्ही एकदम. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतके सुखाचे काही पाहिल्याचे आठवत नाही, आणि नेमके तेच माझ्या बहिणीला छळत होते.

कारण झगा वरून वाळे, पण ड्रिलच्या जाड पोटात ओल तशीच राही. सकाळी बुबू तो घाली तेव्हा गळ्याची पट्टी फळीसारखी ताठ असे आणि आतून गार. काम करून घाम आला की खळ सैल होई, चिकट होई, आंबे. श्रावण लागेपर्यंत तिच्या मानेभोवती लाल पुरळाचे कडे उठले. मग काखांत, मग कोपरांच्या आत. तिने पदर गळ्याशी ओढून घ्यायला सुरुवात केली. मेट्रनबाईंच्या नजरेतून ते सुटणे शक्य नव्हते. रोग्यांना हात लावणाऱ्या बाईच्या अंगावर पुरळ, ही गोष्ट तिथे कोणीही हलकी मानली नसती. त्यांनी बुबूला कोठीतून काढून भांड्यांवर लावले आणि सांगितले, की महिनाअखेरपर्यंत कातडी स्वच्छ झाली नाही तर दुसरी बाई बघावी लागेल.

हे आम्हाला बुबूने सांगितले नाही. सखूमावशीने दुकानाच्या पायरीवरून सांगितले.

"मास्तर, तुमची लेक काय बोलायची न्हाई. महिनाअखेर घरी बसवनार हाईत तिला. मानंला लागीर झालंय म्हनत्यात."

अब्बांनी यंत्र थांबवले. "मानेला काय झालंय?"

"तुमचा डरेस झालाय," सखूमावशी म्हणाली. "मलाबी खाजतंय. मी खोबरेल चोपडते आन् गप बसते. माझी कातडी म्हशीची, जैतुनची न्हाई."

"ड्रिल आहे ते!" अब्बा दुखावून म्हणाले. "बाजारात त्याच्यावर कापड नाही."

"व्हय, बाजारात न्हाई. मानंवर हाय."

 मामूंचा निरोप येऊन गेला होता, श्रावण संपला की ते बोलणी करायला येणार होते. बुबू पडवीत पाठ करून बसली होती. अम्माने त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे झगा पेजेत बुडवला, आज जरा अधिकच निगुतीने. लेकीवर संकट आहे, तेव्हा तिचे कपडे तरी कोणाला नावे ठेवायला जागा देणार नाहीत, असे तिच्या मनात असावे. शेगडीवरून वास उठला. तो वास नाकात गेला आणि मला शाळेतल्या आमच्या बाईंचे वाक्य आठवले. वस्तुपाठाच्या तासाला त्या सांगत, की कारण शोधायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळे तसेच राहू द्या. झग्याच्या बाबतीत दोन गोष्टी होत्या, कापड आणि खळ. त्यांतली छळणारी कोणती, हे आम्ही कोणीच वेगळे करून पाहिले नव्हते.

मी ते बोलून दाखवले. अब्बा म्हणाले, "कापडात खोट नाही." अम्मा म्हणाली, "पेजेनं कधी कुणाला काही झालंय का? बाळंतिणीला देतात ती." बुबूने मात्र पडवीतून वळून पाहिले आणि विचारले, "कसं वेगळं करायचं?"

बुबूच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही ते केले. आदल्या दिवशीच दुकानातल्या तुकड्यांच्या टोपलीतून मी ड्रिल, लट्ठा, मलमल, खादी आणि मांजरपाट अशा पट्ट्या काढल्या. मांजरपाट अब्बांच्या जुन्या बंडीचा, म्हणून अनेकदा धुतलेला होता. तेव्हा बाकीच्या पट्ट्याही गरम पाण्यात उकळून, बडवून, त्यांची गिरणीची खळ काढून घ्यावी लागली, नाही तर तुलना बरोबर झाली नसती. मग प्रत्येकीचे दोन भाग केले. एक पेजेतून काढला, एक साध्या पाण्यातून. सगळ्या पट्ट्या पडवीतल्या दोरीवर शेजारी शेजारी टांगल्या आणि धुक्यात सोडून दिल्या. मी मधूनमधून जाऊन प्रत्येक पट्टी ओठाला लावून पाही. ओल ओठांना बोटांपेक्षा लवकर कळते, हे अम्माने सांगितले. ती बाळाचे लंगोट तसेच पारखत असे. साधी मलमल पहिल्यांदा वाळली, मग साधा मांजरपाट आणि लट्ठा. खादी रेंगाळली. ड्रिल दोरीवर ओल्या मुलासारखे जड होऊन लोंबत राहिले, आणि पेजेतल्या पट्ट्या तर हाताला चिकटू लागल्या.

मग सुट्टीच्या सकाळी बुबूने कोपरांच्या आत पट्ट्या बांधून घेतल्या, डावीकडे पेजेच्या, उजवीकडे साध्या, आणि पाणी भरले, जाते ओढले, सगळी नेहमीची कामे केली. अब्बा यंत्रावरून हे बघत होते. थोड्या वेळाने ते उठले, दोरीवर उरलेली पेजेतली ड्रिलची पट्टी काढली, स्वतःच्या मानेभोवती गुंडाळली, पुढे एक टाका घालून बंद केली आणि परत शिवायला बसले. गिऱ्हाईक आले. म्हणाले, "मास्तर, मान धरलीय का?"

"नाही," अब्बा म्हणाले. "कापड बघतोय."

दुपारपर्यंत त्यांचा हात तीनदा मानेकडे जाऊन परत आला. चौथ्यांदा तो परत आला नाही. खसाखसा खाजवत ते आत आले, कात्रीने पट्टी कापून काढली, बुबूच्या समोर बसले आणि तिचे दोन्ही हात ओढून घेऊन पट्ट्या सोडू लागले. डावीकडे सगळीकडे लाली होती, कापड कोणतेही असो. उजवीकडे फक्त ड्रिलखाली थोडी होती, कारण ते वाळलेलेच नव्हते. मलमल आणि लट्ठा घामाने कातडीला चिकटून बसले होते, खादी अजून दमट होती. मांजरपाटाखाली काहीही नव्हते.

अम्मा दारात उभी होती. तिने बुबूचा डावा कोपर पाहिला. "माझ्या पेजेनं?" असे तिने विचारले, आणि ते इतक्या हळू विचारले की बुबू पटकन म्हणाली, "धुक्यानं, अम्मा. कोरड्या गावात असते ना मी, तर काही झालं नसतं." ते अगदी खोटे नव्हते, म्हणून मी त्यात सुधारणा केली नाही.

आता उत्तर मिळाले होते, पण हुकूम तसाच होता. कपडे कडकडीत हवे होते, आणि धुतलेला मांजरपाट बिनखळीचा म्हणजे कडकडीतच्या अगदी उलट. अब्बांनी तरीही मांजरपाट घेतला, तो उकळून, बडवून मऊ केला, आणि दोन दिवसांत एक झगा शिवला. गळ्याची पट्टी काढून टाकली, गळा गोल ठेवला, काखेत चौकोनी जोड घातला, म्हणजे हात वर केला तरी कापड ओढू नये. मग ते, बुबू आणि मी टेकडीवर गेलो. मला नेण्याचे कारण त्यांनी सांगितले, "तुला शाळेतलं बोलता येतं." वाटेत सखूमावशी न बोलावता बरोबर आली.

मेट्रनबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांची स्वतःची टोपी आणि पट्टा इतके ताठ होते, की अब्बांनी हातातली घडी नकळत मागे घेतली. बाईंनी आधी बुबूचा जुना झगा मागितला. तो हातात घेतला, थबकल्या आणि नाकाशी नेला.

"याला भाताचा वास का येतो?"

"पेजेचा, बाई," बुबू म्हणाली.

"पेज? कपड्याला?"

"तुमीच म्हनला न्हवं का, कडकडीत पायजेत म्हून," सखूमावशी दारातून म्हणाली. "समद्याजनी घालतोय. माज्या घरात पोरास्नी पेज उरत न्हाई, समदी डरेसच पितोय."

मेट्रनबाईंचे डोळे मोठे झाले. "कडकडीत पाण्यातून! उकळून! रोगाचे जंतू मरायला! मी पाणी म्हणाले!"

"पानी न्हाई म्हनला, बाई. नुसतं कडकडीत म्हनला."

 मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू शाळेत जातेस. सांग, कडकडीत म्हणजे काय?"

मी वर्गात उभे राहिल्यासारखी सांगू लागले. ऊन कडकडीत असते, म्हणजे तापलेले. पाणी कडकडीत असते, म्हणजे उकळते. उपास कडकडीत असतो, म्हणजे पाण्याचा थेंबही न घेता केलेला. आणि कापड कडकडीत असते, म्हणजे खळीचे. शब्द एकच आहे, ज्याच्या शेजारी बसेल त्याचा होतो.

"इतके अर्थ," मेट्रनबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळ्यांनी नेमका हाच घेतला?"

"बाई, हितं पावसाळ्यात ऊन न्हाई, आन् उपासाचा डरेस नसतो," सखूमावशी म्हणाली. "मग ऱ्हायलं काय?"

मेट्रनबाई आधी ओठ दाबून उभ्या राहिल्या. मग त्यांना हसू आवरेना. खुर्चीवर बसून त्या डोळे पुसू लागल्या, आणि ताठ टोपी एका बाजूला कलली. ती सावरून त्यांनी अब्बांकडे हात पुढे केला. "दाखवा ते काय आणले आहे."

त्यांनी मांजरपाटाचा झगा उलटसुलट पाहिला. तो त्यांना आवडला नाही, हे स्पष्ट दिसत होते. "ढिला दिसतो. पाहुणे येतात. काय म्हणतील?"

अब्बा म्हणाले, "बाई, मीही वैशाखात दुकानात बसून, कोरड्या हातांनी कापड घेतलं. चांगलं दिसलं म्हणून घेतलं. माझ्या पोरीची मान बघा."

बाईंनी पाहिले. बराच वेळ पाहिले. "जैतूनबाई एकटी हा घालेल," त्या शेवटी म्हणाल्या. "रोज उकळायचा. पेज नाही. मान स्वच्छ झाली तर सगळ्यांना हाच. नाही झाली तर मी सांगितले तसे." आणि मग, आपल्याच शब्दांवर विश्वास न राहिल्यासारख्या, माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "समजले ना? बरोबर समजले ना?"

त्यानंतर बुबूची मान हा आमच्या घरातला सगळ्यांचा विषय झाला. सकाळी ती उठली की अम्मा तिला उजेडात उभी करी. लाली गुलाबी झाली, गुलाबीचे ठिपके राहिले, ठिपक्यांच्या खपल्या झाल्या. महिना संपला त्या दिवशी मी शाळेतून आले तर अब्बा यंत्राशी रिकामे बसले होते. धुके थोडे वर उचलले गेले होते आणि रस्त्याच्या वळणापर्यंतचे दिसत होते. त्या वळणावर सखूमावशी आधी दिसली, मग बुबू. सखूमावशी लांबूनच ओरडली, "मास्तर, मांजरपाटाचं ठान मागवा! समद्यांचं!"

बुबू मात्र सरळ आत गेली आणि चुलीपाशी बसली. अम्माने विचारले, "ठेवली ना?" तिने मान हलवली. "परत कोठीत घेतली. आजपासनं." मग ती विस्तवाकडे बघत सांगू लागली. कोठीत खिडकीजवळच्या खाटेवर एक काकू होत्या, सासवडकडच्या, ब्राह्मण, आजाराने नुसत्या हाडांच्या झालेल्या. त्यांना रोज उचलून बसवायचे काम बुबूचे. उचलताना त्या दरवेळी तोंड फिरवून घेत, मान जितकी लांब नेता येईल तितकी लांब नेत.

"मला वाटायचं, माझा हात लागतो म्हणून," बुबू म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही मी. एकदा मनात आलं होतं, काढायच्या आधी आपणच सोडावं."

अम्माने फुंकणी खाली ठेवली.

"आज उचललं तर त्यांनी मान तशीच नेली, सवयीनं. मग हळूच परत आणली. गाल इथं ठेवला." तिने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणाल्या, आज टोचत नाही गं तुझं. आणि तशाच राहिल्या. मला त्यांना खाली ठेववेना."

म्हणून कापड निवडताना विचार दोन माणसांचा करावा, असे मी मुलींना शिकवत आले. एक ते घालणारे, आणि दुसरे, ज्याला त्या कापडाला टेकावे लागते ते. माझ्या या म्हणण्यावर कोणी नुसता विश्वास ठेवू नये. कोणत्याही दोन कापडांचे तुकडे घ्यावेत, ते उकळून धुवावेत, दमट दिवशी सावलीत वाळवावेत, आणि कोपराच्या आत बांधून घरातले काम करावे. मग तेच तुकडे खांद्यावर टाकून घरातल्या एखाद्या माणसाला तिथे गाल टेकायला सांगावे, आणि काय वाटते ते त्यालाच विचारावे. माझे उत्तर चुकले असेल, तर ते तिथे लगेच कळेल.